काकांचं घोडदळ

आयुष्यात एकदाही घोड्यावर न बसलेल्या माणसाने घोडदळावर इतकं प्रेम केल्याचं दुसरं उदाहरण अख्ख्या मिशिगन राज्यात सापडणार नाही, आणि मला वाटतं, नीट शोधलं तर शेजारच्या ओहायोतही नाही. ते म्हणजे आमचे काका. आमचे म्हणजे माझ्या नात्यातले नव्हेत. कराडजवळच्या आमच्या गावात मला शाळेत ज्या बाई शिकवायला होत्या, त्यांचे हे धाकटे दीर. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. डेट्रॉइटच्या विद्यापीठात पुढचं शिकायला निघालो, तेव्हा माझ्या वडिलांनी त्या सगळ्या प्रकरणातून एकच गोष्ट पक्की समजून घेतली होती, की तिकडे बाईंचे दीर राहतात, म्हणजे पोरगा उपाशी मरणार नाही. वडिलांचा अंदाज बरोबर निघाला. डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावातल्या काकांच्या घरात, तळघरातल्या एका स्वच्छ खोलीत मी राहिलो आणि काकूंच्या हातचं पोटभर जेवलो. फक्त त्या तळघरात मी एकटा राहणार नाही, हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. तिथे माझ्या कॉटच्या समोरच्या भिंतीवर काकांचं घोडदळ होतं.

या देशात सव्वाशे वर्षांपूर्वी उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या राज्यांमध्ये यादवी युद्ध झालं. त्या युद्धात घोडेस्वार ज्या आखूड बंदुका वापरत, त्यांना कार्बाइन म्हणतात. काका त्या जमवत. पायदळाच्या लांब बंदुका त्यांना कोणी फुकट दिल्या असत्या तरी त्यांनी घेतल्या नसत्या. "पायदळ काय, कोणीही जमवतं," असं ते तुच्छतेने म्हणत, जणू ट्रॉयमधल्या प्रत्येक मराठी घरात पायदळाच्या पाचदहा बंदुका पडलेल्याच असतात. स्वतः काका इतके अहिंसक होते की घरात कोळी दिसला तर तो पेल्यात पकडून बाहेर सोडत, आणि थंडीचे दिवस असतील तर बाहेर गारठून मरेल म्हणून गॅरेजमध्ये सोडत. गॅरेजमध्ये त्यामुळे कोळ्यांची वसाहत झाली होती. बंदुकांपैकी एकीतूनही त्यांनी कधी बार काढला नाही. नुसता विषय निघाला तरी "अरे, त्यांचं वय बघ!" म्हणून कानावर हात ठेवत. प्रत्येकीला त्यांनी नाव ठेवलं होतं. सर्वांत आधी आलेली थोरली. नळी आखूड असलेली नकटी. दस्ता मोडून पुन्हा जोडलेली लंगडी. भिंतीवरून खाली घ्यायची झाली तर ते आधी पांढरे सुती हातमोजे घालत आणि मग दोन्ही हातांवर अशी अलगद घेत, की एकदा काकू म्हणाल्या, "लग्नात मला हार घालतानासुद्धा इतका जपून हात नव्हता हो लागला यांचा."

या घरात आलेल्या पाहुण्याला घोडदळ पाहिल्याशिवाय जेवण मिळत नसे. मी आलो त्या दिवशी माझी बॅग अजून हातातच होती. काकांनी ती काढून घेतली, मला हॉलमधल्या सोफ्याच्या हातावर दोन्हीकडे पाय टाकून बसवलं, एका हातात छत्री दिली आणि दुसऱ्या हातात काकूंचं लाटणं. "राजा, हा तुझा घोडा. धावतोय. मागून शत्रू येतोय. तुझ्याकडे ठासणीची बंदूक आहे. चल, भर!" मी आयुष्यात कोणाच्या सोफ्यावर असा बसलो नव्हतो, पण नाही म्हणायचं कसं तेही मला माहीत नव्हतं. मी छत्री उभी धरून तिच्या टोकातून लाटणं आत ठासायचा प्रयत्न करू लागलो. काकांनी सोफा जोरजोराने हलवायला सुरुवात केली. मी छत्रीसकट गालिच्यावर आलो. "मेलास!" काका आनंदाने ओरडले. "कळलं? धावत्या घोड्यावर नळीच्या तोंडातून दारू ठासता येत नाही. म्हणून कार्बाइन मागून उघडते. एक खटका, काडतूस आत, बंद, ठो!" मला कळलं होतं. ट्रॉयमधल्या बहुतेक सगळ्या मराठी माणसांना कळलेलं होतं. त्यातल्या काहींना दोनदा पडावं लागलं होतं, इतकंच.

काकांच्या सुट्ट्याही घोडदळाच्याच. इतर लोक डिस्नेलँडला जात. काकू, काका आणि त्यांची मुलगी रणांगणांना जात. मुलगी इथेच जन्मलेली, हायस्कूलमध्ये होती. अमेरिकेतल्या असंख्य गवताळ माळांसमोर उभी असलेली ती, ऊन डोळ्यांवर आल्यामुळे कपाळाला आठ्या घातलेली, असे फोटो त्या घरात अल्बमभर होते. काका हात पसरून सांगत, इथून डाव्या बाजूने घोडे आले, आणि ती म्हणे, "डॅड, इट्स जस्ट अ फील्ड." नायगारा काकूंनी पाहिला होता, पण गाडीतून, मान वळवून, कारण पलीकडच्या गावात बंदुकांचं प्रदर्शन होतं आणि ते पाचला बंद व्हायचं होतं. शनिवारी सकाळी काका त्यांच्या लांबलचक स्टेशन वॅगनमधून शेतांवरच्या लिलावांना जात. जुनी शेतघरं विकायला निघाली की माळ्यावरचं, गोठ्यातलं सगळं अंगणात मांडतात, त्यात हे नांगर, पाळणे आणि बरण्यांच्या ढिगात हात घालून बसत. काही मिळालं की घरी येताना कोपऱ्यापासून हॉर्न वाजवत येत. तो हॉर्न ऐकला की काकू दारात जाऊन विचारत, "काय हो, माप ठेवू का उंबऱ्यावर? ओलांडून येऊ दे नवी सून."

अशाच एका शनिवारी काळी आली. ओहायोतल्या एका शेतघराच्या दारावर ती कित्येक पिढ्या टांगलेली होती, आणि अंगावर एवढा काळा थर होता की मला ती प्रथम बंदूक न वाटता चुलीतलं लाकूड वाटली. काका मात्र त्या दिवशी बूटही न काढता तिला घेऊन दिव्याखाली बसले. तिच्या मधल्या भागाचा, जिथे काडतूस जातं त्या कवचाचा, आकार त्यांनी पुस्तकांत पाहिला होता. दक्षिणेकडे युद्धात लोखंडाची टंचाई झाली, तेव्हा तिकडच्या काही छोट्या कारखान्यांनी हे कवच पितळेचं ओतलं होतं. अशा फार थोड्या कार्बाइन बनल्या आणि त्याहूनही थोड्या उरल्या. पण अडचण अशी की त्या दुर्मीळ म्हणूनच त्यांच्या नकलाही भरपूर झालेल्या.

आमच्या भागातल्या हौशी संग्राहकांचा एक क्लब होता. त्याच्या प्रमुखाला सगळे कर्नल म्हणत. उंच, पांढऱ्या मिशांचा, निवृत्त, हॅट कधी न काढणारा म्हातारा. तो खरंच सैन्यात कर्नल होता का, हे विचारायची कोणाची छाती झाली नव्हती. क्लबमध्ये काकांचं नाव कोणाला उच्चारता येईना म्हणून त्यांनी काकांना, ते डॉक्टर नसूनही, डॉक करून टाकलं होतं. काका दर महिन्याला जात, मागच्या खुर्चीवर बसत. कर्नलने काळी हातात घेतली, भिंग लावलं, जीभ टाळ्याला लावून टक् केलं आणि म्हणाला, "डॉक, इट्स अ नाइस वॉल हँगर." म्हणजे भिंतीवर शोभेला टांगायची वस्तू. संग्राहकांच्या भाषेत याहून वाईट शिवी नाही. त्याचं म्हणणं, कोणीतरी अलीकडे पितळ ओतून, वर चार ठिकाणचे तुकडे जोडून ही बनवली असणार. काका घरी आले आणि त्या दिवशी त्यांनी पाहुण्यांना घोडदळ न दाखवताच जेवायला बसवलं, यावरून काकूंना काय झालं ते समजलं.

काका हार मानणाऱ्यांतले नव्हते. दर वर्षी ऑक्टोबरात क्लबचं मोठं प्रदर्शन भरे. त्यात मधोमध एक टेबल असे, आणि कर्नलने स्वतः खरी म्हणून मान्य केलेली शस्त्रंच त्यावर मांडली जात. इतक्या वर्षांत काकांची एकही बंदूक त्या टेबलावर गेली नव्हती. काकांनी फोन करून गळ घातली, की प्रदर्शनाच्या दिवशी काळीला आणखी एकदा बघा, एवढंच. कर्नल कबूल झाला, पण हे शेवटचं, असंही म्हणाला. मग काका रोज कामावरून आले की खाली माझ्या खोलीत येऊन काळीसमोर बसू लागले. "पुरावा असला तर त्या काळ्या थराखाली आहे," ते म्हणत. मी एकदा भीत भीत विचारलं, "मग काका, थोडंसं पुसून बघितलं तर?" काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांची किडनी मागितली होती. "राजा, हा थर म्हणजे तिचं वय. तो काढणारा माणूस आणि देवळातली मूर्ती फोडणारा माणूस यांच्यात क्लबमध्ये फरक करत नाहीत."

प्रदर्शन शनिवारी होतं आणि त्याच आठवड्यात खंडेनवमी आली. खंडेनवमीला आपल्याकडे शस्त्रांची आणि हत्यारांची पूजा करतात. ती त्या घरात कधी चुकली नाही. काकू चादर अंथरत आणि त्यावर घोडदळाबरोबर शिवणाचं मशीन, मुलीचा टाइपरायटर, स्टेशन वॅगनची किल्ली, माझा कॅल्क्युलेटर, असं सगळं ओळीने बसे. त्या दिवशी दुपारी काका कामावर होते. काकू देवाची भांडी घासत होत्या, चिंच आणि मीठ लावून. समई झाली, ताम्हण झालं, निरांजनं झाली. हात चिंचेचेच होते. समोर चादरीवर काळी. नंतर त्यांनी मला सांगितलं त्याप्रमाणे, त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. शनिवारी चार लोकांत न्यायची, यांचा एवढा जीव तिच्यात, आणि देवापुढे ठेवायची ती अशी? त्यांनी कवचाच्या एका बाजूला चिंच लावली. अंगठ्याने चोळली. आणखी लावली. मी कॉलेजातून आलो तेव्हा त्यांची एक बाजू पूर्ण झाली होती आणि दुसरीकरता त्या चिंच कोळत होत्या.

"काकू!" मी ओरडलो. इतक्या मोठ्याने मी त्या घरात कधी बोललो नव्हतो.

"काय झालं? बघ ना किती छान निघाली!"

ती खरंच झळकत होती. ताम्हणाशेजारी ताम्हणासारखी. मी काकूंना त्या काळ्या थराचं सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, मग त्यांनी हात धुतले आणि दोघंही आम्ही चादरीजवळ, कोणी वारल्यासारखे, बसून राहिलो.

काका आले. बूट काढत काढत "झाली का तयारी?" म्हणाले, आणि पाहिलं. एक बूट पायात, एक हातात, असेच ते चादरीजवळ येऊन उभे राहिले. 

"अहो, बोला ना काहीतरी."

"अगं," काका अगदी हळू म्हणाले, "सव्वाशे वर्षांचा थर होता तो."

"सव्वाशे वर्षं कोणी घासली नाही, त्यात कसला मोठेपणा?" काकू म्हणाल्या खऱ्या, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "शनिवारी तुम्हाला कोणी हसू नये म्हणून केलं मी."

यावर काका चिडू शकले नाहीत. त्यांनी काळी उचलली आणि खिडकीशी नेली, बहुधा आमच्याकडे पाठ करायची म्हणून. ऑक्टोबरचं तिरपं ऊन पितळेवर पडलं. इथे काकांच्या नोकरीचं सांगायला हवं. मोटारींच्या एका कारखान्यात इंजिनाचे ओतीव भाग येत, ते तपासून नापास करणं हे त्यांचं काम. फुगे, चिरा, भोकं हे ते रोज पाहत. खिडकीशी त्यांची पाठ आधी वाकलेली होती, ती हळूहळू सरळ झाली. त्यांनी शर्टाच्या खिशातून प्लँटवरचं भिंग काढलं.

"राजा, इकडे ये. हे काय आहे?"

पिवळ्या धातूत मसुराच्या डाळीएवढे लालसर ठिपके होते. तीनचार असावेत.

"डाग?" मी म्हणालो.

"डाग नाहीत, ठिगळं आहेत! ओतताना धातूत हवेचे फुगे राहिले, भोकं पडली. आमच्याकडे असं निघालं तर मी सरळ भंगारात टाकतो. ही ओतणाऱ्याकडे टाकायला धातूच नव्हता. त्याने तांब्याच्या बारीक खुंट्या ठोकून भोकं बुजवली." काका वळले. चेहऱ्यावर असं काहीतरी होतं, की काकूंनी पदर डोळ्यांवरून खाली घेतला. "आत्ताचा नक्कल करणारा चांगलं पितळ विकत आणेल आणि गुळगुळीत ओतेल. इतकं वाईट काम करायला युद्धच लागतं!"

मग त्या दिवशी पूजा झाली. काळीला हळदकुंकू लागलं ते दस्त्यावर नाही, शेजारी चादरीवर. तेवढं काकांनी बजावलं.

शनिवारी प्रदर्शनासाठी काउंटी फेअरच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या जत्रेच्या, मोठ्या शेडमध्ये आम्ही चौघं शिरलो. काकू नारिंगी नारायणपेठी नेसून, वर जाड कोट. काकांनी कडेच्या एका टेबलावर काळी ठेवली, आणि आजूबाजूच्या गप्पा एकेक करून थांबल्या. चेक्सच्या शर्टातला एक धिप्पाड माणूस पुढे आला, बघून "ओह, नो" म्हणाला आणि तोंड फिरवून गेला. कर्नल आला. त्याने एकदा बंदुकीकडे पाहिलं, एकदा काकांकडे.

"डॉक. व्हॉट हॅव यू डन?"

"नॉट मी, सर. माय वाइफ. विथ टॅमरिंड."

"विथ व्हॉट?"

"इट्स लाइक, अ फ्रूट," काकांच्या मुलीने मागून मदत केली.

"व्हाय?" कर्नलचा आवाज चिरकला.

"बिकॉज, सर, इट वॉज गोइंग बिफोर गॉड."

कर्नलने बंदुकीवरची नजर काकूंकडे वळवली, आणि तेवढ्या फटीत काका घुसले. क्लबमध्ये इतकी वर्षं मागच्या खुर्चीवर बसलेला हा माणूस बोलायला लागला. "सर, ऑल डे आय लुक ॲट बॅड कास्टिंग्ज. इट इज माय जॉब." त्यांनी भिंग कर्नलच्या हातात ठेवलं आणि ते लाल ठिपके दाखवले. दक्षिणेत घंटा, भांडी, जे मिळेल ते वितळवून ओतलं गेलं, घाईत, आणि मग असं ठिगळ लावावं लागलं, हे सांगितलं. कर्नल म्हणाला, खुंट्या कोणी कालही ठोकल्या असतील. काका जणू याचीच वाट बघत होते. त्यांनी खटका दाबून कवच उघडलं. आत चिंच पोहोचली नव्हती, आत सगळं जसंच्या तसं काळं होतं. बाहेर जिथे ठिपका, त्याच्या बरोबर मागे त्यांनी बोट दाखवलं. खुंटीचं दुसरं टोक तिथे, किंचित वर आलेलं, नुसतं बघून कळलं नसतं. आणि त्याच्यावरून, जराही न तुटता, तोच जुना काळा थर गेलेला. "खुंटी आधी," काका आता मराठीत बोलत होते आणि त्यांना ते कळलंही नव्हतं, "काळेपणा नंतर! सव्वाशे वर्षांचा काळेपणा!"

मुलीने इंग्रजीत सांगितलं. कर्नल भिंग लावून वाकला, तो वाकलेलाच राहिला. प्रत्येक ठिपका, आतून आणि बाहेरून. आमच्याभोवती आता सगळं शेड गोळा झालं होतं. मी काकूंकडे पाहिलं, त्यांनी कोटाचं एकच बटण गच्च धरून ठेवलं होतं. मग कर्नल सरळ झाला आणि त्याने हॅट काढली. त्याला टक्कल आहे हे क्लबमधल्या निम्म्या लोकांना त्या दिवशी कळलं.

"डॉक," तो म्हणाला, "आय वॉज राँग."

काळी त्याने स्वतः दोन्ही हातांवर घेतली आणि मधल्या टेबलाकडे निघाला. लोकांनी वाट दिली. टाळ्या सुरू झाल्या, मघाशी तोंड फिरवून गेलेला धिप्पाड माणूस शिट्ट्या वाजवत होता. काका मागून चालले होते, नवरदेवासारखे. बंदूक मांडून झाल्यावर कर्नल काकूंपुढे आला आणि कमरेत वाकून म्हणाला, "मॅम, प्लीज. नेव्हर अगेन."

काकूंनी मला कोपराने ढोसलं. "सांग त्यांना, वर्षातून एकदाच करते म्हणावं."

येताना काकांनी ट्रॉयच्या हद्दीपासून घरापर्यंत हॉर्न वाजवला. एका पोलिसाने थांबवलं, तर खिडकीची काच खाली करून त्यालाही खुंट्यांचं सांगायला लागले. त्याने हात जोडल्यासारखं करून सोडून दिलं.

पुढच्या वर्षी माझं शिक्षण संपलं, पार पश्चिम किनाऱ्यावर सांता क्लाराला नोकरी लागली. निघायच्या आदल्या दिवशी मी तळघरात बॅग भरत होतो आणि काका समोर बसले होते. काळी आता भिंतीच्या मधोमध, उजळ बाजू बाहेर करून टांगलेली. तिची झळाळी जराशी मंदावली होती, पितळेवर फिकट तपकिरी छाया यायला लागली होती. मी विचारलं, "काका, ती बाजू पुन्हा काळी नाही का करता येणार? औषधं मिळतात म्हणे."

"मिळतात. पण ती लबाडी झाली." काका तिच्याकडे बघत राहिले. "होईल आपोआप. लागतील शंभर वर्षं. तोवर आम्ही कुठले असायला. आमच्या पोरीला ठेवायची असेल तर ठेवेल, नाहीतर जाईल कोणाच्या तरी घरी. मग कधीतरी एखादा माणूस तिला अशी हातात घेईल, आणि त्याला वाटेल, ही एक बाजू दुसरीपेक्षा किंचित कमी काळी कशी? भिंग लावून बघेल बिचारा. सगळ्या पुस्तकांत शोधेल. पण शनिवारी नवऱ्याला कोणी हसू नये म्हणून एका बाईने..."

वरून काकूंनी पानं वाढल्याची हाक दिली. "चल," काका म्हणाले. पण ते लगेच उठले नाहीत, आणि मीही घाई केली नाही.